हा चार्जर नव्हेच!
घरच्या चार्जरच्या माहितीपत्रकांची एक तपासणी

पुणे-नाशिक महामार्गाने राजगुरुनगरहून पुण्याकडे निघाले की सुमारे बारा किलोमीटरवर चाकण लागते. खेड तालुक्यातील कितीतरी माणसे रोज या रस्त्याने कारखान्यांत कामाला जातात. मोटारी, त्यांचे सुटे भाग, तारांचे जुडगे त्यांच्या हातून तयार होतात. विजेवर चालणारी वाहनेही याच पट्ट्यात जन्माला येतात. बजाजची विजेवरची चेतक स्कूटर २०२० साली बाजारात आली ती चाकणच्या कारखान्यातून, आणि महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये ज्या दोन नव्या विजेच्या मोटारी पुढे आणल्या त्याही चाकणलाच बनतात. हिरव्या पाटीची अशी एखादी गाडी आता गावातल्या गल्लीतही उभी दिसते.

गाडी आली की तिच्यामागोमाग घरात एक प्रश्न येतो: चार्जर कोणता बसवायचा? असा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकापर्यंत पोचायला गावात वेळ लागत नाही. एखाद्या विद्यार्थ्याचे वडील गुळगुळीत कागदाचे रंगीत पत्रक घेऊन येतात आणि म्हणतात, “सर, जरा बघता का? यातला कुठला घेऊ?”

या लेखात आम्ही कोणत्याही एका कंपनीच्या मालाचे गुणदोष सांगणार नाही. आम्हाला तपासायचे आहे ते पत्रक. विक्रीदालनात हाती पडणारी ही पत्रके बहुतेक एकाच साच्याची असतात. विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तपासावी तशी ती आपण तपासू: काय बरोबर लिहिले आहे, कुठे एकक चुकले आहे, आणि कोणता प्रश्न सोडवायचाच राहून गेला आहे. आमचा शेरा आधीच सांगून टाकतो. ही पत्रके वेग विकतात. घराला मात्र वेगाची गरज फारशी नसते, सुरक्षिततेची असते. आणि त्याबद्दल पत्रकात एखादी बारीक टाइपातील ओळ सापडली तर सापडते.

पहिली चूक : नावातच

पत्रकाच्या डोक्यावर ‘होम चार्जर’ असे नाव आणि भिंतीवर लावायच्या एका सुबक पेटीचे चित्र असते. वाचणाऱ्याची समजूत होते की ही पेटी गाडीची बॅटरी भरते. वास्तविक तसे नाही.

आपल्या घरात येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला ५० वेळा आवर्तन पूर्ण करणारी. बॅटरीत साठवायची तर ती एकदिश करावी लागते, आणि बॅटरीला हव्या त्या व्होल्टतेला आणावी लागते. हे काम करणारे उपकरण म्हणजे खरा चार्जर. घरी गाडी भरताना वापरात येणारा हा चार्जर गाडीच्या आत बसवलेला असतो. भिंतीवरची पेटी प्रत्यावर्ती वीज आहे तशी पुढे पाठवते. ती एक शहाणा स्विच आहे म्हणा ना!

हा शब्दांचा खेळ नव्हे. त्यावर पैसे अवलंबून आहेत. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉनच्या पहिल्या विजेच्या गाडीत आतला चार्जर ३.३ किलोवॉटचा होता. तिच्या मालकाने भिंतीवर ७.४ किलोवॉटची महाग पेटी बसवली, तरी गाडी ३.३ किलोवॉटच घेणार. भरण्याचा दर गाडी, पेटी आणि घराची जोडणी या तिघांत जो सर्वांत कमी, तोच राहतो. पत्रकात पेटीचा आकडा ठळक छापलेला असतो. ‘आधी आपल्या गाडीतील चार्जर किती किलोवॉटचा आहे ते पाहा’ ही सूचना त्याच आकाराच्या अक्षरांत क्वचितच दिसते.

मग ही पेटी करते तरी काय? ती गाडीशी बोलते. आज आपल्याकडच्या मोटारींना सात पिनांचा गोल प्लग असतो. त्यातील पाच पिना वीज व अर्थिंग यांच्यासाठी, आणि दोन लहान पिना संवादासाठी. एका संवाद-पिनेवर पेटी १२ व्होल्टचा संकेत ठेवते. गाडी जोडली की गाडीतील रोधामुळे तो ९ व्होल्टवर येतो; पेटीला कळते, गाडी आली. गाडी भरून घ्यायला तयार झाली की आणखी एक रोध जोडते आणि संकेत ६ व्होल्टवर उतरतो. तेव्हाच पेटीतील संपर्क ‘खट्’ आवाज करून मिटतात आणि केबलमध्ये २३० व्होल्ट येतात. त्याआधी केबल मृत असते. भर पावसात प्लग हातात धरला तरी त्याच्या टोकाशी वीज नसते ती यामुळे.

गाडी जोडली की हाच संकेत सेकंदाला १,००० वेळा वर-खाली होतो. प्रत्येक वेळी तो किती काळ ‘वर’ राहतो, त्या टक्केवारीला ०.६ ने गुणले की गाडीने जास्तीत जास्त किती अँपिअर घ्यावेत ते मिळते. सुमारे २७ टक्के म्हणजे १६ अँपिअर, ५३ टक्के म्हणजे ३२ अँपिअर. (नियम ८५ टक्क्यांपर्यंत असा चालतो.) एवढ्या साध्या युक्तीने पेटी गाडीला सांगते, “या घराची ऐपत इतकीच आहे, यापेक्षा जास्त मागू नकोस.” आमच्या मते पेटीचे खरे मोल या एका वाक्यात आहे. पत्रकात ते नसते.

दुसरी चूक : नळ आणि हौद

आपल्या जुन्या अंकगणितांत नळ आणि हौदांची उदाहरणे असत. नळ मिनिटाला किती पाणी सोडतो ही एक गोष्ट, हौदात किती पाणी मावते ही दुसरी. किलोवॉट हा नळ आहे. किलोवॉट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलातले युनिट, हा हौद आहे. पत्रकांत, आणि पत्रके वाचून लिहिलेल्या बातम्यांतही, या दोहोंची सर्रास अदलाबदल होते. ‘५९ किलोवॉटची बॅटरी’ किंवा ‘तासाला ७.२ किलोवॉट वीज’ असे वाक्य दहावीच्या मुलाने लिहिले तर आपण लाल शाईने खूण करतो. येथेही करावी.

महिंद्राच्या ज्या गाड्यांचा वर उल्लेख केला त्यांच्या बॅटऱ्या ५९ आणि ७९ किलोवॉट-तासांच्या आहेत, आणि त्यांच्यासाठी ७.२ व ११.२ किलोवॉटच्या घरगुती पेट्या मिळतात. हौद ५९ चा आणि नळ ७.२ चा, तर रिकामा हौद भरायला ५९ भागिले ७.२, म्हणजे सव्वाआठ तास. बॅटरीत पोचेपर्यंत थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि शेवटी शेवटी नळ बारीक करावा लागतो, म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ धरावा.

७.२ आणि ११.२ हे आकडे येतात कुठून तेही मुलांना काढता येते. एका फेजवर ३२ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट बरोबर ७,३६० वॉट. तीन फेजांवर प्रत्येकी १६ अँपिअर घेतले तर ३ × १६ × २३० म्हणजे ११,०४० वॉट. याचा अर्थ असा की सुमारे ११ किलोवॉटची पेटी पूर्ण कामाला लावायची तर घरात तीन फेजांची जोडणी हवी. राजगुरुनगरच्या जुन्या गावठाणात काय किंवा नव्या सोसायट्यांत काय, बहुसंख्य घरांना एकच फेज असतो. अशा घरी ती पेटी घेणे म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळाला दोन इंची तोटी बसवणे.

तिसरी चूक : न विचारलेला प्रश्न

पत्रकातील वेळेचा तक्ता बहुधा ‘रिकामी ते पूर्ण’ असा असतो. ३.३ किलोवॉटच्या पुढे १७-१८ तास आणि ७.२ किलोवॉटच्या पुढे आठ-नऊ तास असे आकडे पाहिले की कोणीही दुसऱ्या ओळीवर बोट ठेवील. पण रोज रात्री रिकामी गाडी घरी आणतो कोण?

खरा प्रश्न आहे : तुम्ही रोज किती किलोमीटर जाता? मध्यम आकाराची विजेची मोटार एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते असे धरू. (गाडीच्या जाहिरातीतील ‘पल्ला’ हा ठरावीक चाचणीत मोजलेला असतो, रस्त्यावर, भार आणि वातानुकूलनासह, तो कमी भरतो. म्हणून हिशोबाला प्रत्यक्षातलाच आकडा घ्यावा.) राजगुरुनगरहून चाकणच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन-येऊन ३० किलोमीटर होतात असे समजा. त्याला सव्वाचार युनिटे लागतील. वाटेतली गळती धरून पाच. भोसरीपर्यंत जाऊन-येऊन ६० किलोमीटर, म्हणजे दहा युनिटे. पुणे शहरात जाऊन-येऊन ८५ किलोमीटर, म्हणजे चौदा युनिटे.

आता ३.३ किलोवॉटचा साधा नळ घ्या. चाकणवाल्याची गाडी दीड तासात, भोसरीवाल्याची तीन तासांत आणि पुणेवाल्याची सव्वाचार तासांत भरते. रात्री दहाला लावली तर तिसऱ्याचीही गाडी अडीचच्या आत तयार, आणि पहिल्या पाळीला निघायला पहाट होईतो वेळ आहे. मग दुप्पट वेगाच्या पेटीने नेमके काय मिळवले? मध्यरात्री अडीचऐवजी बाराला गाडी तयार झाली, आणि पुढचे पाच तास ती उभीच राहिली.

कधी दोन गाड्या असतील, कधी रोजचा प्रवास दोनशे किलोमीटरचा असेल, कधी वीज रात्री फक्त थोडा वेळ टिकत असेल. तेव्हा वेगाचे मोल आहेच. पण ते हिशोबाने ठरावे. ज्या पत्रकात रोजच्या किलोमीटरांसाठी एकही रकाना नाही, त्याने ग्राहकाला गणितातील मुख्य दत्तच दिलेले नाही.

चौथी चूक : ‘कोणत्याही प्लगवर’

यावर कोणी म्हणेल, मग पेटी नकोच. गाडीबरोबर आलेली केबल गीझरच्या १५ अँपिअरच्या प्लगमध्ये घालू, काम झाले. काही पत्रके तसेच सुचवतात : ‘घरातील कोणत्याही १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालते.’ या वाक्यातील ‘कोणत्याही’ हा शब्द आम्हाला सर्वांत धोक्याचा वाटतो.

दहावीच्या ‘विद्युतधारेचे परिणाम’ या पाठात ज्यूलचा नियम आहे : उष्णता ही विद्युतधारेच्या वर्गाच्या, रोधाच्या आणि वेळाच्या गुणाकाराएवढी. आपण मुलांकडून तो पाठ करून घेतो, कुंतलाच्या शेगडीचे उदाहरण सोडवतो आणि पुढे जातो. तो येथे लावून पाहा. जुन्या सॉकेटची पकड ढिली झाली आहे आणि पिन व पत्ती यांच्या संपर्काचा रोध फक्त ०.१ ओहम आहे असे माना. १४ अँपिअर धारेला तेथे १४ × १४ × ०.१, म्हणजे जवळजवळ २० वॉट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील डाग देण्याचे हत्यार साधारण २५ वॉटचे असते, आणि ते शिसे-कथिलाचा मिश्रधातू वितळवते. म्हणजे भिंतीतल्या प्लास्टिकच्या डबीत आपण असे एक हत्यार बसवले.

गीझरही १५ अँपिअरच्याच प्लगवर चालतो, मग तो का जळत नाही? नियमातील तिसऱ्या राशीमुळे, म्हणजे वेळामुळे. गीझर वीस मिनिटांत बंद होतो आणि सॉकेट पुन्हा निवते. गाडी सलग तीन-चार तास, कधी रात्रभर, त्याच धारेने वीज घेते. तापलेली पत्ती काळवंडते, काळवंडली की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापते. गीझरवर दहा वर्षे टिकलेला प्लग मोटारीखाली दहा रात्री टिकेल याची खात्री नाही.

तारेचेही तसेच. तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटर तारेने मीटरपासून २० मीटरवर उभ्या गाडीपर्यंत वीज नेली, तर जाऊन-येऊन ४० मीटर तारेचा रोध सुमारे ०.२८ ओहम होतो. १४ अँपिअरला तीत सुमारे ५४ वॉट उष्णता पसरते. एवढ्या लांबीवर ती चालण्यासारखी आहे. त्याच तारेतून ३२ अँपिअर नेले, तर २८० वॉटच्या वर. धारा सव्वादोन पट झाली, उष्णता पाच पटींहून जास्त. म्हणून ३२ अँपिअरच्या पेटीला ६ चौरस मिलिमीटरची तार लागते आणि ती थेट पेटीत घट्ट आवळावी लागते. मध्ये प्लग-सॉकेट चालत नाही. भावपत्रकात पेटीची किंमत असते. ही तार, तिचा स्वतंत्र एम.सी.बी. आणि वायरमनची मजुरी हा खर्च मात्र ग्राहकाला नंतर कळतो.

पाचवी चूक : पायाखालची जमीन

सगळ्यांत मोठी त्रुटी अर्थिंगची. ‘योग्य अर्थिंग आवश्यक’ या तीन शब्दांत पत्रके तिची बोळवण करतात. योग्य म्हणजे किती, आणि नसले तर काय होते?

आपला भाग दख्खनच्या कातळाचा. वर थोडी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. उन्हाळ्यात ओल खाली गेली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. म्हणून तर खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी ओतण्याची पद्धत पडली. समजा, घराच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे आणि रोहित्राकडील, म्हणजे डी.पी.कडील, अर्थिंगचा ५ ओहम. गाडीत काही बिघडून फेजची तार तिच्या पत्र्याला टेकली. धारा किती वाहील? २३० भागिले २५, म्हणजे ९.२ अँपिअर. आता एम.सी.बी. पडेल असे आपण गृहीत धरतो. पण तो १६ किंवा ३२ अँपिअरचा आहे, ९.२ अँपिअरला तो स्वस्थ बसून राहील. आणि गाडीच्या पत्र्यावर ९.२ × २०, म्हणजे १८४ व्होल्ट उभे राहतील. गाडी रबरी टायरांवर आहे. तिला काही होत नाही. सकाळी ओल्या अंगणात अनवाणी उभे राहून ती पुसणाऱ्याला होते.

येथे उपयोगी पडतो तो आर.सी.सी.बी. फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परतलेली धारा सारखी आहे ना, एवढेच तो पाहत असतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की एका सेकंदाच्या लहानशा अंशात तो वीज तोडतो. आपल्या उदाहरणातील ९.२ अँपिअर त्याच्या तिनशे पट आहेत. अर्थिंगचा रोध १,००० ओहम झाला तरी २३० मिलिअँपिअर वाहतील आणि तो पडेल. मोटारीसाठी आणखी एक बारकावा आहे. गाडीतील चार्जर वीज एकदिश करतो, त्यामुळे गळती एकदिशही असू शकते, आणि तिने साध्या आर.सी.सी.बी.चा लोहगाभा संपृक्त होऊन तो आंधळा होतो. म्हणून चांगल्या पेटीत ६ मिलिअँपिअर एकदिश गळती ओळखण्याची सोय असते. पत्रकात ती आहे का, हे जरूर शोधावे.

चांगली पेटी अर्थिंग तपासते, आणि ते नसले तर लाल दिवा लावून वीज द्यायचे नाकारते. खरी परीक्षा येथून सुरू होते. घाईतला एखादा वायरमन सॉकेटमध्ये अर्थिंगच्या टोकाला न्यूट्रलची तार जोडून देतो. दिवा हिरवा होतो, गाडी भरू लागते, सगळे खूश. पण उद्या खांबावर ती न्यूट्रलची तार तुटली, तर गाडीचा सगळा पत्रा घरातील उपकरणांच्या मार्गे फेजला जोडला जातो. लाल दिवा खरे सांगत होता. आपण त्याचे तोंड बंद केले. अशी जोडणी कोणीही, कितीही भरवशाने सुचवली, तरी करू देऊ नये, हे शिक्षकांनी पालकांना स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

पत्रकाबाहेरची गोष्ट : बिल आणि डी.पी.

दोन गोष्टी पत्रकाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत, पण ग्राहकाच्या नाहीत.

महावितरणच्या घरगुती बिलात दर टप्प्यांनी चढतो : १०० युनिटांपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. भोसरीला जाणाऱ्याची गाडी महिन्याला २५० युनिटे खाईल. घराची आधीची १५० असतील, तर बेरीज ४०० होते आणि गाडीची शेवटची शंभर युनिटे महाग टप्प्यात पडतात. ‘एका किलोमीटरला अमुक पैसे’ असा दावा करताना सरासरी किंवा सर्वांत स्वस्त दर धरलेला असतो, वरच्या टप्प्याचा नव्हे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार वाहन भरण्यासाठी वेगळी जोडणी मागता येते. ती घ्यावी की घरच्याच मीटरवर भागवावे, हे दोन्ही दरपत्रके आणि त्यांतील स्थिर आकार शेजारी मांडून ठरवावे. घरच्या मीटरवर भागवायचे असेल तर बिलावर छापलेला मंजूर भार आधी पाहावा. दोन-तीन किलोवॉट मंजूर असलेल्या घरात ७.४ किलोवॉटची पेटी हा भार वाढवून घेतल्याशिवाय बसवता येत नाही.

दुसरी गोष्ट गल्लीची. १०० के.व्ही.ए.च्या एका डी.पी.वर अनेक घरे असतात. त्यांतल्या दहा घरांनी रात्री दहाला ७.४ किलोवॉटच्या पेट्या सुरू केल्या, तर ७४ किलोवॉट त्यांनीच घेतले. उरलेल्या घरांचे पंखे आणि दिवे कशावर चालायचे? त्याच दहा घरांनी ३.३ किलोवॉटवर भागवले तर ३३ किलोवॉट होतात. एकाचा वेग शेजाऱ्याच्या व्होल्टतेतून वसूल होतो, हे कोणतेच पत्रक सांगणार नाही. ते त्याचे कामही नाही. ते आपले काम आहे.

मग गुण किती?

न्यायाने बोलायचे तर पत्रकांत चांगलेही असते. भारतीय मानक आय.एस. १७०१७ चा उल्लेख, धूळ-पाण्यापासून बचावाचा आय.पी. क्रमांक, गळतीपासून संरक्षण, किती अँपिअरवर चालते, या गोष्टी बहुधा मागच्या पानावर दिलेल्या असतात आणि त्या उपयोगाच्या असतात. तक्रार अशी की मागचे पान पुढे हवे होते.

आमचा सल्ला विचाराल तर तो थोडा उफराटा वाटेल. पेटी घ्यावी, पण वेगासाठी नव्हे. प्लग-सॉकेटचा ढिला सांधा टाळण्यासाठी, अर्थिंग तपासणारा पहारेकरी दारात उभा करण्यासाठी आणि गळतीवर वीज तोडण्यासाठी घ्यावी. पुष्कळ पेट्यांत कमाल धारा बसवणाऱ्याला ठरवून देता येते. एक फेजचे घर आणि रोजचा पन्नास-साठ किलोमीटरचा प्रवास असेल, तर ३२ अँपिअरची पेटीही १६ अँपिअरवर लावून घ्यावी. गाडी पहाटेपर्यंत भरतेच आणि तारा निवांत राहतात. पेटी परवडत नसेल तर निदान मेन बोर्डापासून स्वतंत्र तार, औद्योगिक पद्धतीचा दणकट सॉकेट, स्वतंत्र एम.सी.बी. आणि आर.सी.सी.बी. एवढे करावेच. एक्स्टेंशन बोर्ड कदापि नको. पहिल्या रात्री तासाभराने स्विच बंद करून प्लगच्या प्लास्टिकला हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर तेथे गाडी पुन्हा लावू नये.

वर्गात हे पत्रक दोन तासिका पुरते. मुलांना घरचे वीजबिल आणायला सांगा. मंजूर भार, महिन्याची युनिटे, फेज एक की तीन, हे त्यांना बिलावर शोधू द्या. मग वडिलांचा किंवा आईचा कामाला जाण्या-येण्याचा प्रवास विचारून युनिटे काढायला लावा. शेवटी १,००० ओहम आणि २,७४० ओहम असे दोन रोध एकसरीत जोडून त्यांना १२ व्होल्टच्या बॅटरीने वीज द्या, आणि मोठ्या रोधाच्या टोकांत व्होल्टमापी लावा. सुमारे पावणेनऊ व्होल्ट दिसतील. गाडीत एक डायोडही असतो. त्याचा पाऊण व्होल्टाचा हिशोब धरला की बरोबर नऊ होतात. केबल जोडल्यावर गाडी आणि पेटी एकमेकींना जे सांगतात, ते मुलांनी आपल्या बाकावर ऐकले असे होईल. मुख्य विजेच्या जोडणीला मात्र वर्गात कोणी हात लावायचा नाही.

या पट्ट्यातील आईवडील ज्या गाड्या जोडतात, त्या गाड्यांना वीज देणारी तार आपल्या घरी किती जाडीची हवी हे त्यांच्या मुलांना सांगता आले पाहिजे. त्यासाठी नवा पाठ नको. पाठ पुस्तकात आहेच. पुढच्या वेळी कोणी पत्रक घेऊन आले आणि “सर, कुठला घेऊ?” असे विचारले, तर त्यांना आधी तीन गोष्टी विचारा : गाडीतला चार्जर किती किलोवॉटचा? रोज किती किलोमीटर? अर्थिंग शेवटचे कधी तपासले? बहुधा तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. खरेदीची सुरुवात तेथूनच करायला सांगावी.